दाविदाची किल्ली

वसई, 20 डिसेंबर, रात्री

प्रिय बाय,

तुझं पत्र पोचलं. ऑफिसच्या धबडग्यात आगमनकाळ कधी सरला कळलंच नाही, आता चार दिवसांत मनाची कसली तयारी होणार, असं लिहिलंयस. अगं, उशीर झालेला नाही. चर्चने हे शेवटचे दिवस मुद्दाम वेगळे काढून ठेवलेत. 17 ते 23 डिसेंबर, सायंप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्राबरोबर रोज एक नवी हाक असते. सात संध्याकाळी, सात हाका. निदान आठव्या शतकापासून त्या म्हटल्या जातात. दर हाकेत प्रभूला वेगळं नाव: ज्ञान, अदोनाय, इशायाचं मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. मागणं मात्र सातही दिवस एकच. ये.

लॅटिनमधली ही नावं शेवटाकडून सुरुवातीकडे मांडली आणि त्यांची आद्याक्षरं जोडली, की ‘एरो क्रास’ असे दोन शब्द होतात. उद्या मी असेन! आपण सात दिवस बोलवत राहायचं आणि उत्तर आपल्याच हाकांमध्ये दडलेलं. तुझी पणजी लॅटिन प्रार्थना तोंडपाठ म्हणायची, अर्थ न कळता. हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं, असं दर वर्षी वाटतं.

आजची हाक किल्लीची. संध्याकाळी फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ काढून यशयाचा 22 वा अध्याय वाचला. राजवाड्याचा कारभारी शेबना याला हटवून त्याच्या जागी एल्याकीम येतो आणि दाविदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर ठेवली जाते. खांद्यावर! कनवटीला लावायची किल्ली नव्हे ती. केवढं दार असेल आणि केवढं ओझं.

वाचता वाचता माझ्या डोळ्यांपुढे आपलं फाटक आलं. तुझ्या बाबांच्या आणि माझ्या वाडीमधलं. त्याला नऊ वर्षं कुलूप आहे, हे तू जाणतेस. का आहे, ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं होतं. वसईत तेव्हा सगळीकडे तेच, उपसा वाढला की खारं पाणी आत शिरतं. उरलेल्या गोड्या पाण्यासाठी मोटरच्या पाळ्या ठरल्या. एके दिवशी माझ्या पाळीला मोटर सुरू दिसली आणि मी तुझ्या बाबांना चारचौघांत चोर म्हटलं. मोटर त्यांनी लावलीच नव्हती, गडी बंद करायला विसरला होता. हे मला आठवड्याभरात समजलं. तोवर कुलूप घातलं होतं, आणि ते मीच घातलं होतं.

परवा पापनिवेदनाला गेले. देवळात रांग पार दारापर्यंत. मी दर वर्षी सांगते तेच सांगितलं: राग येतो, प्रार्थनेत लक्ष लागत नाही. चोर हा शब्द नऊ वर्षांत एकदाही माझ्या तोंडून निघाला नाही. प्रायश्चित्त म्हणून दिलेल्या प्रार्थना पाच मिनिटांत संपल्या आणि मी घरी येऊन करंज्यांचं सारण परतायला बसले. बाय, मन साफ केल्यासारखं वाटणं फार सोपं असतं गं. त्या सोपेपणाचीच आज मला भीती वाटली.

म्हणून किल्ली शोधली. पणजीच्या पेटीत, सुईदोऱ्याच्या डब्यात मिळाली. बॅटरी घेऊन फाटकापाशी गेले. कुलपाचं भोक गंजाने बुजलेलं. खोबरेल तेल सोडलं, थांबले, परत सोडलं. किल्ली अर्धी जाऊन अडायची. हातांना तांबडा गंज आणि तेल. पलीकडे तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता, तुझी आई भांडी आवरत असावी. तिसऱ्यांदा तेल घातलं तेव्हा कुलूप कुरकुरत सुटलं. मी तिथेच उभी राहून आजची हाक म्हटली, मोठ्याने. एवढी वर्षं मी ‘ये’ म्हणत होते, पण तो यायचा तर कुठल्या वाटेने, हे कधी पाहिलंच नव्हतं.

उद्याची सुवार्ता मरियेच्या भेटीची. देवदूताचा निरोप मिळाल्यावर ती घरी पाळणा सजवत बसली नाही, एलिझाबेथकडे निघाली, तीही घाईने. नासरेथहून यहुदियाच्या डोंगरात, काही दिवसांची पायपीट. फाटकापासून तुमची पायरी चाळीस पावलांवर आहे. उद्या सकाळच्या मिस्सेनंतर मी जाणार. करंज्या नेणार नाही, आधी तो शब्द परत घ्यायचाय, करंज्या नंतर. तुझे बाबा दार उघडतील की नाही, ठाऊक नाही. नाही उघडलं तर परवा पुन्हा जाईन.

तुला कसली यादी देऊ? आज रात्री दहा मिनिटं दिवा मालवून बस. कोणतं नाव मनात येताच मन आखडतं, ते बघ. तिथून सुरुवात कर. चार दिवस पुरतात.

गव्हाणी मांडून झाली आहे. मधली जागा नेहमीसारखी रिकामी आहे, चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत. बाळाला ठेवायचा मान यंदा तुझा.

फाटक नुसतं लोटून ठेवलंय. स्टेशनवरून आलीस की रस्त्याने वळसा घालू नकोस. आधी माझ्याकडे पाणी पी, मग त्या फाटकातून घरी जा.

तुझी
आत्या