मोटारीचा वेग कोण ठरवितो?

मोटारीचा वेग हांकणारा ठरवितो, असें आपण सहज म्हणतों. परभणी जिल्ह्यांतील सडकांवरून हिंडतांना मात्र मला वाटूं लागलें आहे, कीं पुष्कळ वेळां तो रस्ताच ठरवितो. हांकणारास त्याचा पत्ताहि नसतो.

आमच्याकडील जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावरील डांबरी सडकेला लाटा येतात. अशा सडकेवर ४० च्या पुढें जाण्याचा मोह सहसा कोणास होत नाहीं. हिसके बसूं लागले कीं पाय आपोआप वर येतो. पण त्याच मातीवर सिमेंटाचा रुंद रस्ता झाला, कीं तोच सद्गृहस्थ ९० नें जाऊं लागतो. माणूस बदललेला नसतो. हिसके तेवढे बंद झालेले असतात!

मध्यवर्ती सरकारनें २०१८ सालीं मोटारींकरितां द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर १०० व इतर रस्त्यांवर ७० किलोमीटर अशी कमाल मर्यादा घातली. परंतु आश्विनांत अर्ध्या सडकेवर सोयाबीन वाळत पडलेलें असतें, माघांत मागें दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या चालतात. तेथें ७० देखील फार होतात.

खरी काळजी निराळीच आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजीं मुंबईच्या बाजूपर्यंत पुरा खुला झाला. तेव्हांपासून माझा पुतण्या त्या मार्गानें जालन्यापर्यंत येतो आणि पुढें मंठा-जिंतूरवरून परभणीस. तीन तास १२० नें आल्यावर डोळा त्या गतीस इतका सरावतो, कीं ८० म्हणजे त्यास रांगणें वाटतें. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास चौपट अंतर लागतें, हें तो शाळेंत शिकलेला आहे. पण डोळ्याला गणित कोठून येणार?

गेल्या दिवाळींत वहिनी मागें नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मंठ्याच्या अलीकडे त्यांनीं दाराची मूठ धरली, ती जिंतूर येईपर्यंत सोडली नाहीं. "काका, रस्ता मोकळा तर आहे," असें पुतण्या मला म्हणाला. वहिनी तेव्हां कांहींच बोलल्या नाहींत. घरीं आल्यावर मात्र त्यांनीं नियम घातला : जालन्यास उतरल्यावर पाव तास थांबावयाचें, चहा घ्यावयाचा, मगच पुढें निघावयाचें.

पुतण्याचें म्हणणें, तेथील चहा अगदींच वाईट असतो. वहिनी म्हणतात, "असूं दे."