शेवटचं बटण

आमचा बारक्या चौदाचा झाला. ताडीवाला रोडच्या आमच्या गल्लीत त्याला येडा म्हणतात. मीपण म्हणायचो. खोटं कशाला लिहू?

पहिल्या शाळेनं त्याला सात वर्षं मागच्या बाकावर ठेवला आणि दरसाल वर ढकलला. पुस्तकात नद्यांची नावं, याला दहाची नोट ओळखू येत नव्हती. पुस्तक बदलावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग विशेष शाळा. कागदगिरणीतली रात्रपाळी संपवून तसाच गेलो. बाईंनी विचारलं, ‘घरी काय करतो?’ म्हटलं, काय नाय. ‘नीट आठवा. पाणी भरतो? स्वतःची चप्पल ओळखतो?’ त्या लिहीत गेल्या. तिथनं त्याचा अभ्यासक्रम सुरू. शर्टाची सगळी बटणं बाई लावणार, शेवटचं तेवढं त्यानं. ते जमलं की शेवटची दोन. म्हंजे काम पुरं केल्याचा आनंद पोराला पहिल्या दिवसापासून.

मुंबईच्या जय वकील शाळेनं (स्थापना १९४४) तयार केलेला ‘दिशा’ अभ्यासक्रम आता राज्यातल्या विशेष शाळांत आलाय. २०१६ चा कायदा अशा पोरांना अठरा वर्षांपर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क देतो. आणि दोस्तांनो, १८८२ साली याच पुण्याच्या जोतीरावांनी हंटर आयोगाला लिहून दिलं होतं, की शाळेत मोडी, हिशेबासोबत शेतीचं नि आरोग्याचंही शिकवा. शिकवणं जगण्याला धरून हवं, हे आपल्याकडे जुनंच आहे.

पण बारक्याच्या आराखड्यात शेवटचा रकाना होता: पुढचा व्यवसाय. तिथं लिहिलेलं, साफसफाई.

बाप झाडूखात्यात गेला. आज्जा पण.

म्हणालो, ‘बाई, हे खोडा.’

‘काम वाईट नसतं हो.’

‘नसतं. पण आमच्याच पोराच्या कागदावर ते न विचारता कसं येतं?’

बाई गप्प झाल्या. चांगली बाई, मला तिच्यावर राग नाही. खोडरबर फिरवला नि म्हणाल्या, ‘मग काय लिहू?’

मला उत्तर आलं नाही. रकाना अजून कोरा आहे.

घरी आपल्या अंकाची पानं पडलेली. बारक्याला आकडे कळत नाहीत, म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात रंगाचा ठिपका दिला. लाल, निळा, हिरवा, मग काळा. त्यानं एकेक गठ्ठा जुळवला, कडा ठोकून सारख्या केल्या. हा अंक त्यानंच लावलाय. एखादं पान उलटं निघालं तर कळवा, त्याला दाखवतो.