पहाटेचा पहिला सेल्फ

सापडलं! पुण्यात रोज सकाळी गाडी सुरू करताना पेट्रोलचा वास यायचा आणि पहिल्या सिग्नलपर्यंत नाहीसा व्हायचा. गॅरेजमध्ये दरवेळी एकच उत्तर, ‘काही नाही साहेब.’ आणि आहुप्यात, कोकणात कोसळणाऱ्या कड्यावरच्या या गावात, रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या गाडीत त्या वासाचं मूळ उभ्या उभ्या सापडलं!

मुक्कामाच्या घरचे काका घोडेगावपर्यंत जीप चालवतात. मी सेल्फ मारणार, तोच त्यांनी हात वर केला. “थांबा. नुसती चावी ऑन करा.” मागच्या सीटखाली पंप दोन सेकंद घरघरला आणि थांबला. काकांनी चावी बंद करायला लावली आणि इंजेक्टरकडे जाणाऱ्या रबरी होजखालून कोरा कागद अलगद फिरवला. क्लॅम्पपाशी ओला डाग! बघता बघता तो उडूनही गेला. समोर धुक्यातून गोरखगड-मच्छिंद्रगड वर आले होते, पण मान बॉनेटबाहेर काढवेना.

किती देखणी युक्ती! इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन होताच, इंजिन फिरायच्या आधीच, पंप लाइनमध्ये प्रेशर भरतो. तेवढ्यावरच पुढून वास आला, तर गळती बहुधा त्याच लाइनवर. सेल्फनंतर फक्त सायलेन्सरकडून आला, तर गोष्ट वेगळी: थंड इंजिनाला पेट्रोल जादाच लागतं आणि धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर तापेपर्यंत थोडा वास येतोच. टाकी काठोकाठ भरल्यावर येत असेल, तर टाकीची वाफ शोषणारा कोळशाचा कॅनिस्टर बघायचा.

मग गॅरेजमध्ये का सापडेना? जुनं, कडक झालेलं रबर थंडीत आकसतं, क्लॅम्पखाली केसाएवढी फट पडते. इंजिन तापलं की रबर फुगतं, फट मिटते, सांडलेलं पेट्रोल उडून जातं. गॅरेजपर्यंत चालवत नेलेली गाडी तापूनच पोचणार!

काकांनी बॅटरीची वायर काढली, गाडी चुलीपासून लांब ढकलायला लावली, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. दुपारच्या खेपेत त्यांनी घोडेगावहून नवा होज आणि क्लॅम्प आणला. दुसऱ्या पहाटे पुन्हा चावी ऑन, पुन्हा कागद. कोरडा ठणठणीत!

तुमच्या गाडीला असा वास येत असेल, तर ती गॅरेजला नेऊच नका. मेकॅनिकलाच सकाळी घरी बोलवा, रात्रभर उभ्या गाडीपाशी, पहिल्या सेल्फच्या आधी.