मडगार्डमधला चिखल

आमच्या वेळी येझदीच्या टाकीत पेट्रोल पडलं की त्यावर मापाने ऑईल ओतायचं आणि दोन्ही मिसळावं म्हणून अख्खी गाडी गदागदा हलवायची. पंपावरचा पोऱ्याही हात लावायचा. मग किक मारायची, तीच दांडी पुढे वळवली की तिचा गिअर व्हायचा, आणि मागे निळा धूर सोडत आम्ही बेळगावची पोरं जांबोटी, कणकुंबीच्या रानात शिरायचो. निपाणीचा एक दोस्त राजदूत घेऊन यायचा. त्याच्या सीटला तंबाखूचा वास, आमच्या सगळ्या कपड्यांना पेट्रोलचा.

म्हैसूरचा तो येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला. आता पुतण्याकडे एक्सपल्स आहे. पुढचं चाक २१ इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर. ती रानासाठीच जन्मली. आमची येझदी रस्त्याची होती. रानात जायचं आम्ही परस्पर ठरवलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्याचा सूड ती पावसाळ्यात उगवायची. तांबडा चिखल चाक आणि मडगार्डच्या फटीत घट्ट बसायचा आणि पुढचं चाक फिरायचंच बंद. मग एकाने मोडक्या खुरप्याच्या पात्याने चिखल उकरायचा, दुसऱ्याने प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. ‘कचरा आलाय’ हे आम्ही सर्जनच्या सुरात सांगायचो. मलप्रभेच्या वाळूत चाक रुतलं तर दोघांनी ढकलायचं, चालवणाऱ्याने शिव्या खायच्या. हेल्मेट कुणालाच नसे. सायलेन्सरने भाजल्याचा डाग माझ्या पोटरीवर अजून आहे. या हालांना मौज म्हणण्याइतका मी म्हातारा झालोय, एवढंच.

पुतण्या तोच चिखल दहा मिनिटांत पार करतो, गुडघ्यांना गार्ड लावून. वाट त्याला फोन सांगतो. आम्हाला एक म्हातारी सांगायची. गाडी नेमकी तिच्या घराजवळच रुसायची. ‘या की आत, पाऊस कमी होऊ दे’ म्हणत ती गुळाचा कोरा चहा द्यायची, आणि आमचे चिखलाचे पाय तिच्या सारवलेल्या पडवीत. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही, हे आता खटकतं.

त्याच भागात २०११ साली भीमगड अभयारण्य झालं. म्हादईच्या उगमाचं ते रान आता कुणीही कुठूनही घुसावं असं राहिलेलं नाही. बरंच झालं. आमच्या फटफटीने किती गवे उधळले असतील, त्याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही.

परवा ते खुरप्याचं पातं माळ्यावर सापडलं. पुतण्याला दिलं, तर म्हणाला, “काका, हे कुठं घालू?” म्हणून त्याच्या गाडीपाशी वाकून बघितलं. टायर आणि मडगार्डच्या मधे माझा अख्खा हात जात होता.