आबांच्या घडीचा मोठा काटा

आज बोंडअळी नाही, तुरीचा फुलोरा नाही. वेचणीचे मजूर दोन दिवस आले नाहीत, म्हणून एक घरचीच गोष्ट लिहितो.

आमच्याकडं आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, साखळीची खिशातली घडी आहे. चिनी मातीसारखी पांढरी तबकडी, निळे काटे. आबा कापूस घेऊन मूर्तिजापूरच्या जिनात यायचे तेव्हाही ती बंडीच्या खिशात असायची. आता बाबा रोज रात्री जेवण झालं की तिला चावी देतात.

पोळ्याच्या दिवशी मी तिची वेळ लावायला गेलो. चावी ओढून पाहिली, ओढल्या जाईना. मग काच उघडून बोटानंच मोठा काटा ढकलला. मधातून मोडला. नंतर कळलं, या जुन्या घड्यांत चावीच्या बाजूला एक बारीक खिळी असते. ती नखानं दाबून धरायची आणि चावी फिरवायची, तेव्हा काटे फिरतात. तुमच्या घरी अशी घडी असेल तर आधी ती खिळी शोधा.

मी तुकडा कागदात बांधला, घडी डबीत ठेवली आणि बाबांना सांगितलं, "बंद पडली वाटते." पन्नाशीच्या माणसानं बापाशी खोटं बोलावं, तेही घडीसाठी!

सोयाबीन निघाल्यावर दुरुस्तीला नेली. पहिला भेटला तो म्हणे, चिकटवून देतो, दहा मिनिटांचं काम. बरं झालं नाही दिली. मोठ्या काट्याची आणि लहान काट्याची नळी एकात एक असते. गोंद खाली उतरला की दोन्ही काटे एकमेकांना धरून बसतात आणि घडी उभी. डाग देणंही जमत नाही. पातळ पोलाद तापलं की निळा रंग जातो, आणि जोड पुन्हा तिथंच सुटतो.

अकोल्यात एक म्हातारे घडीसाज भेटले. डोळ्याला भिंग लावलं आणि आधी तुटका काटा पाहिलाच नाही, त्याचं भोक पाहिलं. मला कुऱ्हाडीचा दांडा आठवला. आपणही दांड्याच्या लांबीच्या आधी नेढं पाहतो ना. तबकडीवर चीर दिलेला कागद ठेवून, दोन्ही बाजूंनी बारीक पट्ट्या घालून त्यांनी तुटका काटा सरळ वर उचलला. एका बाजूनं उचलला तर तबकडीला तडा जातो. मग जुन्या काट्यांचा डबा काढला. शंभरेक काटे असतील. घाटाला जुळणारा एक सापडला, पण भोक लहान आणि काटा लांब. "असाच पायजे," म्हणाले. भोक निमुळत्या कोरणीनं वाढवता येते, लांबी घासून कमी करता येते. उलटं करायला गेलं तर भारी पडते.

टोक घासलं तसं ते पांढरं झालं. मग काटा स्वच्छ पुसून पितळेच्या चुऱ्यावर ठेवला, खालून स्पिरिटचा दिवा. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा. त्या घडीला उचललाच पाहिजे, चुकलं की राखाडी होतो. लोहार विळ्याला पाणी देताना असाच रंगावर नजर ठेवून असतो.

बसवताना घडीच्या मधल्या दांडीला मागून आधार दिला आणि मगच काटा दाबला. दोन्ही काटे बारावर आणून बाराही तास फिरवून पाहिले. बारा तासांत ते 11 वेळा एकमेकांवरून जातात. एकदाही घासायला नको, काचेलाही लागायला नको. साडेचारशे रुपये घेतले. तुटका काटा पुडीत बांधून परत दिला.

घरी आल्यावर बाबांना खरं सांगितलं. ते हसले. "मले पोळ्यापासूनच मालूम हाय. डबी उघडून पाहिली ना मी. घडी तं चालूच होती. रोज चावी देत होतो."

"अन् वेळ कसा पाहात होते?"

"लहान काटा हाय ना! सात-आठच्या मधात असला का साडेसात. आबा शकुंतलेनं यवतमाळले जायचे. तिले मिनिटकाटा कायले पायजे?"

नवीन पोरांसाठी सांगतो, शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर, दुसऱ्या अंगाला यवतमाळ जायची ती अडीच फुटी रुळांवरची गाडी. विलायती कंपनीनं वऱ्हाडातल्या कापसासाठी टाकलेली. तिचं 1921 सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 पर्यंत चाललं, मग डिझेलचं आलं. घाई तिला कधीच नव्हती.

बाबांनी घडी उजेडात धरली. "हा काटा आपला नाही. निळा जराक फिका हाय." मी पुडी पुढं केली. ती त्यांनी डबीतच ठेवली, घडीखाली.

दिवसाला चारेक मिनिटं मागं पडते आहे. घडीसाज म्हणाले, तेल वाळलं आहे, पूर्ण खोलून धुवावी लागेल. कापसाचे पैसे हातात आले की पुन्हा अकोल्याची चक्कर.