वाळूतली पिवळी पाहुणी

अश्दोद-अश्केलोनकडच्या समुद्रकाठी वाळूवर फुलणारे, कापरासारख्या वासाचे पिवळे झुडूप आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. हिब्रूत ते ‘टायुनित हाहोलोत’. इथल्या देशी चिकट ‘टायुन’सारखे दिसते, म्हणून हे नाव. परंतु ते आहे उत्तर अमेरिकेचे. सरकती वाळू थोपविण्यासाठी १९७५ साली ते या देशात आणले गेले आणि पसरत पसरत देशी झाडांच्या जागेवर बसले.

दोघेही झेंडू-सूर्यफुलाच्या मोठ्या कुळातले, पण शाखा निराळ्या. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यांनी १७८९ साली या अमेरिकन झाडाला ‘इनुला’ गटात घातले. टायुनही तेव्हा त्याच गटात होते. पुढे १८१७ साली कासिनी यांनी ‘हेटेरोथेका’ हा वेगळा गट केला. अर्थ असा, की फळे दोन तऱ्हेची. फुलाच्या मधली फळे केसाळ, ती वाऱ्यावर दूर जातात. कडेची बोडकी, ती जवळच पडतात.

ज्या भाईबंदांची कडेचीही फळे केसाळ, त्यांना पुढे ‘क्रिसोप्सिस’ म्हणू लागले. टेक्ससचे शिनर्स यांना हे पटेना. नुसत्या केसांवरून घरे वेगळी कशी करावी? १९५१ साली त्यांनी दोन्ही गट एक केले. त्यानंतर कॅनडाचे जॉन सेंपल यांनी पाने, राहणी आणि पेशींतील गुणसूत्रे तपासली. हेटेरोथेकाची मूळ गुणसूत्रसंख्या ९, तर क्रिसोप्सिसची ५ किंवा ४. या शाखेत ९ हीच जुनी संख्या असून ती पुढे घटत गेली, असे मानतात. १९८० साली सेंपल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेटेरोथेका, क्रिसोप्सिस आणि पिट्योप्सिस अशी तीन घरे निराळी असल्याचे दाखविले. नाते जवळचे, पण चूल वेगळी.

चेहऱ्यावरून नाते ठरविणारे आम्हांला नवे नाहीत. म्हणून वाळूतले हे तण उपटायला कोणी निघालेच, तर आमचे एवढेच सांगणे, की आधी सुकलेले फूल तळहातावर चुरडून पाहावे. कडेची फळे बोडकी असली तर ती पाहुणी. सगळीच केसाळ असली तर ते टायुन. त्याला हात लावू नये. ते इथलेच आहे.