किटमध्ये नसलेले भाग

नेरुळ, नवी मुंबई
१८ जानेवारी २०२६

चि. ईशान यास,


मिगच्या मॉडेलचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले तेव्हा तू विचारलंस, मामा, हॅम्बुर्गहून एवढं महागाचं किट पाठवलं आणि त्यातली खुर्ची, पॅनेल, चाकांच्या खोबणीतलं सामान बाजूला काढून तू स्वतःच काय काय घडवत बसलास? वर असंही म्हणालास की कॅनॉपी लावल्यावर त्यातलं दिसणार किती! फोनवर सांगायला गेलो की तुझी आई मध्येच माझ्या साखरेवर घसरते. म्हणून पत्र.

आधी नाशिकजवळच्या ओझरचं सांगतो. १९६२ मध्ये रशियाशी मिग-२१ चा करार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, पुढच्या वर्षी नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, आणि १९६४ मध्ये ओझरला विमानाच्या कारखान्याचं काम सुरू झालं. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. द्राक्षांच्या मळ्यांशेजारी आवाजापेक्षा वेगानं जाणारं विमान तयार होणार, यावर आमच्या वडिलांचा शेवटपर्यंत विश्वास नव्हता. मी तिथे नोकरीला लागलो तरी नव्हता.

पण सुरुवातीची काही वर्षं ओझरला विमान घडत नव्हतं, जोडलं जात होतं. रशियातून खोक्यांमधून भाग यायचे. आधी बऱ्यापैकी तयार, मग जास्त सुटे, मग त्याहून सुटे. प्रत्येक टप्प्याला तिकडून येणारं कमी आणि इथे घडवायचं जास्त. शेवटी यायला लागला नुसता पत्रा आणि धातूच्या कांबी. कच्च्या मालापासून इथेच घडवलेलं पहिलं मिग-२१ एफएल १९७० मध्ये हवाई दलाच्या हाती पडलं. मी आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून चिकटलो ते त्यानंतर, त्यामुळे खोक्यांचा काळ मला जुन्या फिटरांकडूनच कळला. आम्ही पोरं ड्रॉइंग वाचताना अडलो की ते म्हणायचे, आमच्या वेळी नुसती खोकी फोडायची, तुम्हाला पत्रा कापावा लागतो, तुमची मजा आहे. ती थट्टा होती की कौतुक, ते मला नोकरी संपेपर्यंत ठरवता आलं नाही. तुझ्या गावी एअरबस जोडतात तिथेही अशी जुनी खोडं असतील, विचारून बघ.

तर किट उघडून आतल्या चौकटीला लटकलेले ते भाग पाहिले आणि मला त्या फिटरांची आठवण झाली.

तू पाठवलंस ते मिग-२१ एमएफ. आम्ही ओझरला केलं ते एम, आमच्या बोलीत टाइप शहाण्णव. दोघं सख्खे भाऊ. मोठा फरक इंजिनाचा, तो बाहेरून कळत नाही. खऱ्याच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे बत्तिसाव्या हिश्शात बावीस सेंटिमीटरच्या जरा वर. एवढ्या मोठ्या मॉडेलमध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्यातले बत्तीस मिलिमीटर. कॉकपिटमधला साधा स्विचसुद्धा भिंगाखाली ओळखू येण्याजोगा होतो, आणि नसला तर त्याची जागा ओकीबोकी दिसते.

माझी बरीच वर्षं त्या कॉकपिटात डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत गेली. बाजूच्या भिंतींचा रंग मोरपंखी म्हणावा तर फिकट, पिस्ता म्हणावा तर निळसर. बाजारातली एकही बाटली जुळेना, तेव्हा तीन रंग मिसळून तो केला. पॅनेल मी पातळ प्लॅस्टिक शीटचं केलं, दोन थरांचं. वरच्या थराला डायलची भोकं पाडली, खालच्या थरावर डायल रंगवले, आणि काच म्हणून प्रत्येकात व्हार्निशचा एकेक थेंब सोडला. त्या पॅनेलच्या मधोमध वरून खाली एक पांढरी पट्टी आहे. फोटोत दिसली असेल. किटच्या पॅनेलवर ती नव्हती आणि मला सगळ्यात आधी तीच हवी होती. विमान स्पिनमध्ये सापडलं, गरगरत खाली निघालं की पायलटला हातातली दांडी मध्यावर आहे की बाजूला, याचाही भरवसा उरत नाही. तेव्हा बाकी सगळं सोडायचं, ती पांढरी रेघ बघायची आणि दांडी तिच्यासमोर आणून धरायची. इतक्या यंत्रांच्या गर्दीत ब्रशानं ओढलेली एक रेघ! मॉडेलमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक येते. टेप लावून रंगवली.

मॉडेल करणाऱ्या मंडळींशी माझं एका बाबतीत जमत नाही. कॉकपिट भरगच्च दिसावं म्हणून ते मिळेल तिथे तारा खोचतात. फोटोत बरं दिसतं. पण तार कुठून तरी निघते आणि कुठे तरी पोचते. मधल्या मध्ये सुरू होऊन मधल्या मध्ये संपणारी तार विमानात नसते. इन्स्पेक्टरनं पाहिली असती तर त्यानं काम तिथेच थांबवलं असतं. म्हणून मी नियम केला की जिची दोन्ही टोकं मला सांगता येतात तेवढीच तार लावायची. डाव्या भिंतीवर थ्रॉटलच्या मागून जाणारा जुडगा तू मोठा करून बघ. जुन्या इअरफोनच्या तारेतले केसासारखे तांब्याचे धागे आहेत ते, आणि ठरावीक अंतरावर शिवणाच्या दोऱ्याचा एकेक पदर सोडवून बांधलेत. खऱ्यातही आम्ही मेणाच्या दोऱ्यानं असेच बांधायचो, गाठ एकाच बाजूला येईल असे. मॉडेलमध्येही गाठी एकाच बाजूला आहेत. उजव्या भिंतीचा मागचा कोपरा रिकामा ठेवलाय, कारण तिथे माझं काम नव्हतं.

खुर्चीचे पट्टे औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटामागची चंदेरी पन्नी कापून केले. या वयात तो कच्चा माल घरात मुबलक. बकलं तांब्याच्या तारेची. कॅनॉपी उघडीच राहणार आहे, त्यामुळे दिसणार किती हा प्रश्न मिटला. एमची कॅनॉपी उजवीकडे उघडते, म्हणून मॉडेल डावीकडून बघायचं. एफएलची पुढच्या बाजूला बिजागरीवर होती आणि इजेक्ट करताना ती पायलटच्या अंगावर ढालीसारखी येऊन त्याच्याबरोबरच बाहेर जायची. कल्पना फारच हुशारीची होती, पुढच्या विमानांत ती सोडून दिली.

चाकांची खोबण मात्र उलटं केल्याशिवाय कुणाला दिसणार नाही, हे कबूल. तरी सगळ्यात जास्त मजा तिथेच आली. मिगचा पंख इतका पातळ की चाक त्यात मावतच नाही. मग पाय पंखात दुमडतो आणि दुमडता दुमडता चाक वळून धडात उभं जाऊन बसतं. त्या उभ्या चाकाभोवती जी चार बोटं जागा उरते तिच्यातून हायड्रॉलिकचे पाइप न्यायचे. किटमध्ये तिथे गुळगुळीत भिंत होती. मी सोल्डरच्या तारेचे पाइप वळवले. ती शिशाची असल्यामुळे बोटानं वळते आणि वळवली तशी राहते. नाकावरची लांब पिटो नळी इंजेक्शनच्या सुयांची, जाड सुईत बारीक सुई. सुया केमिस्टकडून आणल्या तेव्हा त्यानं सूनबाईला फोन केला होता. बारीक कानशी, चिमटे आणि ड्रिल झवेरी बाजारात सोनारांच्या सामानाच्या दुकानातून. पावसाळ्यात रंगकाम बंदच ठेवावं लागलं. खाडीच्या या हवेत लॅकर मारला की दमटपणानं दुधाळ होतो.

रिव्हेटबद्दल तुझं म्हणणं मला पटलं नाही. खरा रिव्हेट तीन मिलिमीटरचा धरला तर इथे तो मिलिमीटरचा दहावा भाग. तो पत्र्याशी सपाट बसवलेला असतो आणि चार पावलांवरून दिसत नाही. मॉडेलवर ठसठशीत रिव्हेट उठवणं म्हणजे आम्ही जे घासून घासून नाहीसं केलं तेच परत वर काढणं. ज्या पॅनेलांचे स्क्रू मेंटेनन्सला रोज निघायचे तेवढ्यांवरच सुईनं टोचे दिले आहेत.

तुझ्या मित्रानं फोटोखाली 'उडती शवपेटी' असं लिहिलं, ते वाचलं. रागावलो नाही, पण त्याला सांग की हे विमान ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेगानं उतरतं, आणि नवशिक्या पोरांना त्याआधी हात बसवायला हॉकसारखं प्रगत ट्रेनर विमान आपल्याकडे २००८ साली आलं. मिग त्याच्या साडेचार दशकं आधीपासून उडत होतं. अपघात फार झाले, माणसं गेली. ओझरला बातमी यायची तेव्हा आधी विमानाचा नंबर विचारला जायचा आणि मग शॉपमध्ये बराच वेळ कुणी बोलायचं नाही. गेल्या २६ सप्टेंबरला चंदीगडला शेवटच्या मिगना निरोप दिला तो मी टीव्हीवर पाहिला. ती बायसन होती. आम्हीच घडवलेली मिग-२१ बिस, पुढे ओझरलाच सुधारलेली. त्यानंतर पंधरवड्याच्या आत इथल्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आता सोसायटीतली पोरं गच्चीवर विमानं मोजायला जातात. मलाही बोलावतात, मी गुडघ्यांचं कारण सांगतो.

रंग पूर्ण झालाय. राउंडेल स्टेन्सिल कापून मारले, मधला हिरवा ठिपका दोनदा पुसून परत केला. नंबर अजून टाकलेला नाही. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकीच एक टाकणार, कुठला ते तू आलास की सांगेन.

मार्चमध्ये येशील तेव्हा ०.३ मिलिमीटरचे ड्रिल घेऊन ये, इथले फार लवकर मोडतात. तयार पितळी तुकड्यांचे सेट आणू नकोस. पुढचं बिस करायचं मनात आहे. त्याचं किट मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी चालेल. त्याऐवजी अर्धा मिलिमीटर जाडीची पांढरी प्लॅस्टिक शीट आण, जेवढी बॅगेत सपाट मावेल तेवढी. दुमडू नकोस.

तुझा,
मामा